कोणती पावडर घेऊ? नेमबाजांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: नमस्कार दादा. मी मूळचा नागपूरचा, मनीष नगरचा. चार वर्षं झाली, आता डॅलसजवळ राहतो. इथल्या क्लबात यूएसपीएसएच्या (अमेरिकेतली पिस्तूल नेमबाजीची संघटना) मॅचेस खेळतो, प्रॉडक्शन डिव्हिजन, म्हणजे फॅक्टरीतून येतात तशा पिस्तुलांचा गट, 9 एमएम. दर महिन्याला हजार-बाराशे राउंड उडतात आणि फॅक्टरीचे परवडत नाहीत, म्हणून काडतुसं घरीच भरायचा प्रेस घेतला. सगळं आलं पण पावडरवर, म्हणजे काडतुसातल्या दारूवर, अडलोय. रेंजवरचा एक जण म्हणतो टाइटग्रुप घे, दुसरा म्हणतो एन320 सोडून काही बघूच नको, दुकानवाला बुल्सआय काढून दाखवतो. एकच डबा घ्यायचा तर कोणता? आणि बुलेट, म्हणजे उडून जाणारी गोळी, 124 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) की 147 ची?

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र वाचून मला माझेच दिवस आठवले, मीही नोकरीपायी टेक्सासात सात वर्षं काढली आणि गॅरेजमधल्या त्या बेंचवर किती रविवार गेले त्याचा हिशोब नाही. म्हणून हे उत्तर जरा लांब होणार, चहा घेऊन बसा.

आधी निकाल सांगून टाकतो. पहिला डबा एन320 चा घ्या, मिळत असेल तर. महाग आहे, मान्य. पण पहिल्या वर्षी तुम्ही जे पैसे जास्त द्याल ते स्पीडसाठी किंवा नावासाठी नाही, ते डोळ्यांना दिसण्यासाठी. काहून ते सांगतो.

पिस्तुलाची पावडर निवडताना लोक पहिले विचारतात की ही फास्ट आहे का स्लो, म्हणजे लवकर जळते की हळू. विचारायला हरकत नाही, पण 9 एमएम मायनरसाठी (कमी जोराचा वर्ग) चालणाऱ्या बहुतेक पावडरी फास्टच असतात. बॅरल छोटी, बुलेट हलकी, काम लवकर उरकावं लागतं. नवशिक्याने त्याच्या आधी बघायचं ते हे की ती पावडर केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या नळीत, किती जागा घेते. टाइटग्रुप दाट आहे. चार्ज, म्हणजे एका काडतुसातली पावडर, इतका थोडा लागतो की केसच्या तळाशी जरासा थर दिसतो आणि चुकून दुसऱ्यांदा पडली तरी काठाच्या आतच राहते, वरून बुलेट आरामात बसते, कोणाला काही कळत नाही. कळतं ते रेंजवर, हातात. एन320 बारीक नळ्यांसारखी, फुगीर, त्याच वेगासाठी केस बरीच भरते आणि डबल पडली तर काठापर्यंत चढलेली दिसते. फरक एवढाच आहे पण पहिल्या दोन हजार राउंडमध्ये हा फरक बोटं वाचवतो.

टाइटग्रुप वाईट नाही हं, गैरसमज नको. मोजमापात ती फार छान पडते, गोल चपट्या दाण्यांची असल्याने प्रेसच्या मोजयंत्रातून पाण्यासारखी वाहते, एका डब्यात राउंड खूप निघतात. पण ती डबल बेस आहे, म्हणजे नायट्रोसेल्युलोजमध्ये नायट्रोग्लिसरीन मिसळलेली, आणि तापते. कोटिंगवाली शिशाची बुलेट वापरणार असाल, जी स्वस्त पडते म्हणून सगळे वापरतात, तर बुडाकडून कोटिंग जळून धूर येतो आणि इनडोअर रेंजवर शेजारचा वैतागतो. एन320 सिंगल बेस, फिनलंडची, स्वच्छ जळते. बुल्सआयने जुन्या टार्गेटवाल्यांच्या पिढ्या घडल्या, चपट्या पापुद्र्यांसारखी, अचूकतेला तोड नाही, पण काजळी करते आणि ॲक्शन मॅचमध्ये दोनशे राउंडनंतर पिस्तूल बघवत नाही. हे तिन्ही वापरून बघितल्यावरचं माझं मत आहे, तुमच्या क्लबात कोणी याच्या उलट शपथेवर सांगेल, तेही खोटं नसेल.

आता बुलेट. प्रॉडक्शनला सगळे मायनरच मोजले जातात म्हणजे तुम्हाला पॉवर फॅक्टर 125 च्या वर ठेवायचाय. गणित सोपं आहे, बुलेटचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले हजार. 124 ग्रेनची बुलेट 1055 ने गेली तर 130.8 येतो. 147 ची 890 ने गेली तरी 130.8 च. आकडा एकच, पण हाताला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. 124 चा झटका टोकदार, पटकन वर जाऊन पटकन खाली. 147 चा ढकलल्यासारखा, संथ. मला 147 आवडते, दोन शॉट पटापट मारताना फ्रंट साइट कुठे आहे हे दिसत राहतं. माझ्या एका मित्राला तीच सुस्त वाटायची. पन्नास-पन्नास राउंड दोन्हीचे मारा आणि स्वतःच ठरवा.

पावडरचा इथे अजून एक हात असतो जो लोक विसरतात. गोळी पुढे जाते तसा जळलेल्या पावडरचा गॅसही पुढे जातो, आणि त्याचंही वजन आहेच की. फास्ट पावडर थोडी लागते, गॅस कमी, म्हणून एकाच पॉवर फॅक्टरला झटका थोडा मऊ. ओपन डिव्हिजनवाले याच्या बरोब्बर उलटं करतात, त्यांच्या पिस्तुलाला पुढे कॉम्पेन्सेटर (गॅस वर फेकून नळी खाली दाबणारा भाग) असतो, त्याला काम करायला भरपूर गॅस पाहिजे, म्हणून ते स्लो पावडर ठासून भरतात आणि मेजरच्या, म्हणजे जास्त जोराच्या वर्गाच्या, 165 पॉवर फॅक्टरला पोचतात. म्हणून ओपनवाल्याने सांगितलेली पावडर प्रॉडक्शनवाल्याने ऐकायची नाही. तुमचा पहिला सल्लागार कोणत्या डिव्हिजनचा आहे ते विचारून घ्या.

चार्ज किती टाकायचा हे मी इथे लिहिणार नाही आणि कोणी लिहिलेलं दिसलं तर त्यावरही जाऊ नका. ज्या कंपनीची पावडर तिचं मॅन्युअल, ज्या बुलेटचं वजन आणि बनावट तिचीच ओळ, आणि सुरुवात खालच्या आकड्यापासून, बस. 9 एमएमची केस छोटी आहे. बुलेट जराशी जास्त खोल बसली तरी आतली जागा कमी होते आणि प्रेशर भसकन वाढतं, म्हणून राउंडची पूर्ण लांबीही मॅन्युअलप्रमाणे ठेवा आणि बुलेट केसमध्ये घट्ट बसलीय का ते अंगठ्याने दाबून बघत जा.

अंकांना मार्जिन ठेवा, 125 वर 126 करून खूश होऊ नका. ऑगस्टमध्ये चाळीस डिग्रीत क्रोनोवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) पास झालेला लोड जानेवारीच्या सकाळी थंडीत खाली सरकू शकतो. मॅचच्या क्रोनोवर 125 च्या खाली गेलात तर दिवसभर खेळा पण स्कोअर शून्य. 130-132 च्या आसपास असला की झोप लागते.

मोजयंत्र सेट केल्यावर लागोपाठ दहा चार्ज वेगवेगळे तोला. दहाची बेरीज करून सरासरी काढू नका, प्रत्येक एकेक बघा, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा यांच्यात किती फरक आहे ते बघा. तोलताना पंखा आणि एसी बंद. मी एकदा अर्धा तास डोकं खाजवत बसलो होतो की आकडा स्थिर का होत नाही, आणि वर सीलिंग फॅन फिरत होता.

आता एक गोष्ट सांगतो जी मला अजून झोपेत आठवते. दुसरं वर्ष होतं, हात बसलाय असं वाटायला लागलं होतं. प्रेस मधेच अडकला, मी हाताने प्लेट फिरवून मोकळा केला आणि पुढे चालू पडलो. त्या गडबडीत एक केस पावडरशिवाय पुढे सरकली. मॅचमध्ये तिसऱ्या टार्गेटवर आवाज आला तो धडाम नाही, फुस्स. माझं बोट पुढच्या शॉटसाठी दाबायलाच निघालं होतं आणि मागून रेंज ऑफिसर ओरडला, स्टॉप! बॅरलमध्ये बुलेट अडकून बसली होती, नुसत्या प्रायमरच्या (केसच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) जोरावर तिथवर गेलेली. मागून दुसरी सोडली असती तर बॅरल फुगली असती किंवा फाटली असती, आणि ती माझ्या हातात होती. त्या माणसाचा चेहरा मी विसरलो नाही.

त्या दिवसापासून नियम: प्रेस अडकला तर प्लेटवरच्या सगळ्या केसेस काढायच्या, पावडर परत ओतायची, नव्याने सुरू. बेंचवर एका वेळी पावडरचा एकच डबा. संध्याकाळी हॉपर (प्रेसवरचं पावडरचं भांडं) रिकामा करून पावडर मूळ डब्यात, काहून की सकाळी ती कोणती होती हे आठवणीवर सोडायचं नसतं, आणि डबल बेस पावडर प्लॅस्टिकच्या हॉपरला चरतेही. प्रेसवर छोटा एलईडी दिवा असा लावा की बुलेट ठेवायच्या आधी प्रत्येक केसच्या आत उजेड पडेल, आणि बघा. प्रत्येक. फोन वाजला की हात थांबवा, मधेच बोलत बोलत लिव्हर ओढू नका. आणि पावडर हवाबंद लोखंडी पेटीत कोंडून ठेवू नका, मूळ डब्यातच, थंड आणि कोरड्या जागी, गॅरेजमधल्या वॉटर हीटरपासून लांब.

एन320 नाहीच मिळाली तर? तिथे तुटवडा येतो तेव्हा महिनोन्महिने मिळत नाही, मला माहीत आहे. मग स्पोर्ट पिस्टल नावाची पावडर बघा, कोटेड बुलेटला चांगली. जी घ्याल ती एकाच लॉटची (कारखान्यात एकाच खेपेत बनलेली) थोडी जास्त घ्या आणि लॉट बदलला की परत क्रोनोवर जा, डब्यावरचं नाव तेच असलं तरी.

प्रश्न: काका, मी बीएस्सीला आहे, नंदनवनला राहतो. माझे मामा अमेरिकेत रीलोडिंग करतात, म्हणजे घरी काडतुसं भरतात, आणि डिसेंबरमध्ये येऊन राहिलेत. बाबांकडे लायसन्सची पॉइंट थ्री टू पिस्तूल आहे. रिकामी केसेस मी जमा करून ठेवलीत, व्हिडिओ पण बघितलेत सगळे. मामांना पावडरचा एक छोटा डबा बॅगेत टाकून आणायला सांगू का? मला मॅचेस खेळायच्यात आणि गोळ्या फार महाग पडतात.

उत्तर: नाही. मामांना आजच फोन कर आणि सांग की विषय बंद.

रागावलो नाही रे, पण यात दहा टक्केसुद्धा ढील नाही. पहिलं म्हणजे विमान. पावडर हातातल्या बॅगेत चालत नाही आणि चेक-इनच्याही नाही, एक डबा असो की चमचाभर. मामांची नोकरी, व्हिसा, सगळं त्या एका डब्यापायी पणाला लागेल. दुसरं म्हणजे आपला कायदा. आर्म्स ॲक्ट 1959 चं कलम 5 नुसार काडतूस बनवायला वेगळं लायसन्स लागतं, बाबांचं जे आहे ते शस्त्र बाळगायचं आहे, बनवायचं नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनालायसन्स बनवल्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. तू वीस वर्षांचा आहेस. आणि बाबांची पिस्तूल तुझी नाही, ते लायसन्स त्यांच्या नावाचं आहे.

आपल्या गावात राहून हे माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं. देशभराच्या स्फोटकांच्या परवानग्या बघणारी पेसो, तिचं मुख्यालय सेमिनरी हिल्सला आहे, तू कॉलेजच्या पोरांसोबत तिकडे फिरायला जात असशील. तिकडे भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तोफा-बंदुकांचं प्रोपेलंट, म्हणजे गोळा-गोळी ढकलणारी दारू, बनतं. शिकलेली, ट्रेनिंग घेतलेली माणसं जाड भिंतींच्या आड तिथे काम करतात, आणि तरीही 24 जानेवारी 2025 ला तिथे स्फोट होऊन माणसं गेली. नंदनवनच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली, खाली आजी झोपलेली, हे चित्र एकदा डोळ्यासमोर आण.

आता खेळायचं म्हणतोस त्यावर बोलू, ते मला जास्त आवडेल. तुझ्या मनात जे आहे ना, की गोळी स्वतः बनवली की नेम सुधारेल, ते सोड. बाबांची पिस्तूल स्वसंरक्षणाची आहे, मॅचची नाही. मॅचच्या सेंटर फायर (केसच्या मधोमध प्रायमर असलेली काडतुसं) प्रकारात पॉइंट थ्री टूच असली तरी काडतूस वेगळं, वॅडकटर, पुढून सपाट, कागदावर पंचसारखं गोल भोक पाडणारं. आणि 25 मीटर स्पोर्ट पिस्टल, ज्यात आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये गोल्ड मारलं, ती पॉइंट टूटूची आहे. पॉइंट टूटू रिमफायर असतं, प्रायमरचा मसाला केसच्या कडेतच भरलेला असतो आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. एकदा उडाली की केस संपली. म्हणजे जगातले सगळे मोठे शूटर या इव्हेंटला दुकानातलीच गोळी मारतात, त्यांच्यात आणि तुझ्यात पावडरचा फरक नाहीच.

तू 10 मीटर एअर पिस्तुलापासून सुरू कर. त्याला लायसन्स लागत नाही, पावडर लागत नाही, दाबलेली हवा. अर्धा ग्रॅमचा पेलेट साधारण 150 मीटर प्रति सेकंदाने जातो, म्हणजे साडेपाच-सहा जूल ऊर्जा, बस. तेवढ्यात मनू भाकरने 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ मारलं. दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर, आपल्या एक रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याएवढं, आणि ते दहा मीटरवरून साठ वेळा. गोळ्यांचा खर्च तिथे अगदी थोडा आहे. क्लबच्या पिस्तुलावर तीन महिने कर, मग मला परत लिही. मी वाट बघतो.

प्रश्न: वरच्याच प्रकारातला एक छोटा प्रश्न. माझा भाऊ ऑस्टिनला असतो, त्याने लायसन्स्ड दुकानातून घेतलेला बारा वर्षं जुना पावडरचा डबा गॅरेजमध्ये सापडला. झाकण उघडल्यावर आंबट वास येतो म्हणे, आणि आत तांबूस धूळ दिसते. वापरावी का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर: वापरू नये. चांगल्या पावडरचा वास ईथर-सॉल्व्हंटसारखा असतो. आंबट, नाकाला झोंबणारा वास आणि तांबूस धूळ म्हणजे नायट्रोसेल्युलोज तुटायला लागलंय, त्यात घातलेलं स्टॅबिलायझर संपत आलंय. गॅरेजच्या उन्हाळ्यांनी ते लवकर होतं. अशी पावडर आपोआप तापूही शकते, म्हणून डबा घराबाहेर, इतर डब्यांपासून लांब ठेवायला सांगा आणि तिथल्या फायर डिपार्टमेंटला फोन करून ते सांगतील तसं करा. "थोडीच तर आहे, संपवून टाकतो" हा विचार नको.

प्रश्न: दादा, माझी मुलगी 25 मीटर पिस्टल खेळते, पॉइंट टूटू. आत्ता क्लबमध्ये दोन-तीन कंपन्यांचे लॉट आलेत, किमतीत खूप फरक आहे. कोच म्हणतात महागाचंच घ्या. आम्ही नोकरदार माणसं, परवडतं तेवढं करतोच, पण महागाने खरंच स्कोअर वाढतो का? आणि नागपूरच्या उन्हाळ्यात गोळ्या कशा ठेवायच्या? – एक आई, त्रिमूर्ती नगर

उत्तर: ताई, पहिल्यांदा कोचला विचारा की मुलीचा सध्याचा स्कोअर काय आणि तिचे खराब शॉट कुठे जातात.

प्रिसिजन राउंडचं (सावकाश नेमाचा टप्पा) दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटर आहे, म्हणजे चांगलं मोठं. एखादा लॉट पिस्तूल टेकवून मारल्यावर 25 मीटरवर दहा शॉट 25 मिलिमीटरच्या आत टाकत असेल तर तो लॉट तिचं काही बिघडवत नाहीये, तिथून पुढे सगळं ट्रिगरचं आहे. महाग गोळी त्या 25 चे 18 करेल, पण 600 पैकी 540 च्या स्कोअरला ते दिसणार नाही, 580 ला दिसेल. म्हणून आत्ता मधल्या किमतीचं घ्या आणि वाचलेल्या पैशांचे जास्त राउंड घ्या, हे माझं सरळ मत आहे. कोचशी माझ्या नावाने भांडू नका, पण हे त्यांच्यासमोर ठेवा.

मात्र एका गोष्टीत कंजुषी नको, ती म्हणजे गोळी अडकायला नको. सेमी-ऑटो पिस्तूल आहे, काही पिस्तुलांना काही गोळ्या पचत नाहीत. रॅपिडमध्ये (झटपट माऱ्याचा टप्पा) टार्गेट तीन सेकंद समोर आणि सात सेकंद पाठ फिरवून, त्या तीन सेकंदात गोळी अडकली तर पोरीचं मन पुढच्या चार शॉटसाठी विस्कटतं. प्रत्येक लॉटचे शंभर राउंड तिच्याच पिस्तुलातून मारा, डायरीत लॉट नंबर, किती अडकल्या आणि ग्रुप किती (शॉट किती जवळजवळ पडले) एवढं लिहा. जो लॉट शंभरात एकदाही अडकला नाही आणि ग्रुप बरा, तोच पूर्ण सीझनसाठी एकदम उचला. पुढच्या महिन्यात त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा डबा मिळेल पण लॉट वेगळा असेल, आणि मग ही सगळी मेहनत परत.

उन्हाळ्याचं म्हणाल तर मे महिन्यात दुपारी बर्डीला पार्क केलेल्या गाडीच्या डिकीत गोळ्या ठेवू नका, बस एवढं पाळलं तरी पुष्कळ. पॉइंट टूटूच्या शिशावर मेणासारखं वंगण असतं, ते गरमीत मऊ होतं आणि मग बॅगेतली धूळ, रुमालाचे धागे सगळं त्याला चिकटतं, ते बॅरलमध्ये जातं. डबा उघडून एक गोळी बोटांनी धरून बघा, चिकट लागली तर त्या दिवशी ती प्रॅक्टिसला काढा. फ्रिजमध्येही ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. घरातल्या आतल्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात कुलूप लावून, आणि रेंजला नेताना टिफिनच्या इन्सुलेटेड बॅगेत, बर्फ न घालता. रेंजवर पोचल्यावर बॅग सावलीत ठेवा आणि एका वेळी एकाच सिरीजच्या पाच गोळ्या बाहेर काढायची सवय मुलीला लावा.